खिळा, शाई, कागद : बास्करव्हिलबद्दल तुमची पत्रं

गेल्या महिन्याच्या सदरात मी जाता जाता लिहून गेलो होतो की, इंग्रजी मजकुरासाठी जन्मभर एकच सेरिफ टाइप, म्हणजे फाँट, वापरायची सक्ती झाली तर मी बास्करव्हिल घेईन. सेरिफ म्हणजे काय, तर ज्याच्या अक्षरांच्या टोकांना छोटे पाय असतात तो टाइप. एवढं सांगून मी पुढे सरकलो होतो. पण त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. लग्नपत्रिकेच्या कागदाबद्दल विचारणाऱ्यांनी एक महिना थांबावं. मुहूर्त जवळ आला असेल तर थेट छापखाना गाठावा.

‘बर्मिंगहॅमला मुलीकडे दोन महिने राहून आले. तिथे सेंटेनरी स्क्वेअरला बास्करव्हिल हाऊस नावाची मोठी इमारत आहे. तिच्यासमोर दगडाचे उंच ठोकळे उभे आहेत आणि त्यांवर अक्षरं आहेत, पण सगळी उलटी! जावई म्हणाले, हा कुणी छापखानेवाला होता. तुमचा बास्करव्हिल तो हाच का? आणि शेरलॉक होम्सच्या गोष्टीत बास्करव्हिल घराण्याच्या मागे लागलेला कुत्रा आहे, त्याचं काय?’ — एक वाचक, कोथरूड

ताई, कुत्र्याला तूर्त बांधून ठेवू. माणूस मात्र तोच. तुम्ही पाठवलेला फोटो मी बराच वेळ बघत बसलो. माझे वडील सांगलीला एका छापखान्यात जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे, होते. शाळा सुटली की मी तिकडेच. त्यामुळे उलटं अक्षर मला सुलट्याच्या आधी ओळखीचं झालं म्हणायला हरकत नाही. खिळ्यावरचं, म्हणजे छापायच्या शिशाच्या तुकड्यावरचं, अक्षर आरशातल्यासारखं असतं, कागदावर दाबल्यावर ते सरळ होतं. तुम्ही पाहिलेले ठोकळे म्हणजे अवाढव्य केलेले टायपाचे ठसेच आहेत. डेव्हिड पॅटन या शिल्पकाराने १९९० साली ते घडवले. ती सहा इंग्रजी अक्षरं जुळवली की ‘व्हर्जिल’ होतं. रोमन कवी व्हर्जिल, कारण १७५७ साली जॉन बास्करव्हिलने छापलेलं पहिलं पुस्तक व्हर्जिलच्या काव्याचं होतं.

तेव्हा हा गृहस्थ पन्नाशीचा होता. या वयात माणसं धंदा आवरता घेतात, याने नवा उघडला. आधी काय करत होता? मुलांना अक्षर शिकवायचा. टाक आणि कित्ता घेऊन बसणारा मास्तर. जोडीला थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरायचा. त्याची जाहिरातीची दगडी पाटी बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयाने जपून ठेवली आहे. ‘कोणत्याही वळणात थडगी कोरून मिळतील’ अशा अर्थाचा मजकूर आणि प्रत्येक ओळ वेगळ्या वळणाची. म्हणजे पाटी हाच नमुना. पुढे त्याने पत्र्याच्या तबकांवर चकचकीत रोगण चढवायचा कारखाना काढला आणि त्यात बक्कळ पैसा केला. आपल्याकडचं सावंतवाडीचं लाखकाम डोळ्यांपुढे आणा, साधारण त्याच जातीचं काम. टाक, छिन्नी आणि रोगण या तिन्ही गोष्टी पुढे त्याच्या छपाईत उतरलेल्या दिसतात, म्हणून हे सांगितलं.

सात वर्षं तो टायपाच्या मागे होता. जॉन हँडी नावाचा कारागीर त्याचे पंच कापायचा. पंच म्हणजे पोलादाची कांडी, तिच्या टोकावर एक उलटं अक्षर कोरलेलं. ती तांब्यात ठोकायची, तांब्यात अक्षराचा साचा उठतो, साच्यात शिसं ओतलं की खिळा तयार. छोट्या ‘ए’चं पोट कापताना कानस केसभर जास्त फिरली तर कांडी बाद आणि काम पहिल्यापासून. आपल्याकडे शंभरेक वर्षांनी मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी देवनागरीसाठी हाच खटाटोप केला. जोडाक्षरांमुळे आपल्याकडे पंचांची संख्या किती वाढत असेल, त्याचा हिशेब तुम्हीच मांडा.

अक्षर झालं. पण बास्करव्हिलला कळून चुकलं की नाजूक रेघ त्या काळच्या छपाईत टिकणार नाही. कागद खडबडीत, त्यात जाळीच्या तारांच्या रेघा उमटलेल्या. म्हणून व्हर्जिलच्या काही भागासाठी त्याने व्हॉटमनच्या गिरणीचा नवा, सपाट विणीचा कागद घेतला. शाई स्वतः कढवली, नेहमीपेक्षा काळी. दाबयंत्राचा पाटा अधिक काटेकोर सपाट करून घेतला. छापून झालेले ताव तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून गुळगुळीत केले. रोगणवाला माणूस, चकाकी त्याच्या हाडात मुरलेली! लोक बास्करव्हिल म्हणजे नुसतं अक्षराचं वळण समजतात. मला तो खिळा, शाई आणि कागद यांचा एकत्र बसवलेला संसार वाटतो. त्यातला एक जरी रुसला तरी घर विसकटतं.

धंदा म्हणाल तर बुडीत. केंब्रिज विद्यापीठाने त्याला मुद्रक नेमलं आणि तिथे १७६३ साली त्याने मोठं बायबल छापलं. देखणेपणात आजही त्याचं नाव घेतात, पण प्रती खपेनात. गंमत म्हणजे छापणारा स्वतः देवाधर्माचा कट्टर विरोधक. चर्चच्या जमिनीत पुरू नका असं सांगून तो १७७५ साली गेला. त्याला त्याच्याच बागेत पुरलं. १८२१ मध्ये तिथून कालवा काढताना त्याची शवपेटी वर आली आणि जागेच्या मालकाने चक्क ती लोकांना दाखवायला ठेवली. शेवटी नेलं कुठे, तर चर्चच्या तळघरात. पुढे ते चर्च पाडलं आणि त्याला तिथूनही उठवून वॉरस्टोन लेनच्या दफनभूमीत हलवलं. वर्षानुवर्षं एका जागी ठाण मांडून बसलेला माणूस, मेल्यावर मात्र बिऱ्हाडं बदलत राहिला.

त्याच्या मागे पत्नी सारा होती. ती मूळची घर सांभाळायला आलेली, सारा ईव्हज. नवरा तिला टाकून गेला होता. तो वारल्यावर १७६४ मध्ये या दोघांनी लग्न केलं. बास्करव्हिल गेल्यानंतर तिनेच पंच विकले. घेणारा फ्रेंच नाटककार बोमार्शे. त्याला व्हॉल्तेअरचं समग्र साहित्य छापायचं होतं आणि फ्रान्समध्ये ते शक्य नव्हतं, म्हणून त्याने ऱ्हाइनपलीकडे केल गावात छापखाना थाटला. तेव्हा परदेशी गेलेले पंच १९५३ साली खिळे ओतणाऱ्या एका फ्रेंच फाउंड्रीने केंब्रिजला भेट म्हणून परत दिले. १९९६ मध्ये झुझाना लिको या डिझायनर बाईंनी बास्करव्हिलवरून नवा टाइप काढला आणि त्याला नाव दिलं ‘मिसेस ईव्हज’. पुढच्या खेपेला लेकीकडे जाल तेव्हा त्या ठोकळ्यांपाशी थांबून साराबाईंचीही आठवण काढा.

‘तुम्ही कौतुक केलंत म्हणून नातवाकडून त्या टायपातलं एक इंग्रजी पुस्तक मागवून घेतलं. चार पानांत डोळे दुखले. रेघा फार बारीक आहेत. वय ७८. दोष टायपाचा की डोळ्यांचा?’ — एक वाचक, मिरज

तुम्ही माझ्याहून वडील, त्यामुळे डोळ्यांना दोष देण्याची माझी छाती नाही. पण हीच तक्रार अडीचशे वर्षांपूर्वीही झाली होती. ‘हा बास्करव्हिल देशाला आंधळं करणार’ असं लोक म्हणत. बेंजामिन फ्रँकलिन स्वतः मुद्रक आणि बास्करव्हिलचा चाहता. त्याच्यासमोर एका गृहस्थाने हेच तुणतुणं लावलं. फ्रँकलिन आतल्या खोलीत गेला, विल्यम कॅस्लनच्या टायपाचा नमुन्याचा कागद घेतला आणि वरचं नाव फाडून तो त्या गृहस्थासमोर धरला. म्हणाला, हा बास्करव्हिल, कुठे खुपतंय ते दाखवा. गृहस्थांनी ओळीओळीवर बोट ठेवून दोष दाखवले आणि वाचतानाच डोळे दुखताहेत असंही सांगितलं. कॅस्लन म्हणजे त्या गृहस्थांच्या रोजच्या वाचनातला टाइप! १७६० साली फ्रँकलिनने ही हकीकत खुद्द बास्करव्हिलला पत्राने कळवली. त्या पत्राने म्हाताऱ्याची एक रात्र तरी बरी गेली असेल.

गोष्ट रंगतदार आहे, पण तेवढ्यावर तुमची बोळवण करणार नाही, कारण तुमच्या तक्रारीत तथ्य आहे. या टायपात जाड आणि बारीक रेघेतला फरक जुन्या वळणांपेक्षा जास्त आहे. मूळ खिळा कागदात रुतायचा, शाई कडेने जराशी पसरायची आणि बारीक रेघेला थोडं अंग यायचं. नंतर संगणकावर आलेल्या काही आवृत्त्या खिळ्यावरून घेतल्या, रुतलेल्या ठशावरून नाही. आजच्या ऑफसेट छपाईत अक्षर कागदात रुततच नाही, त्यामुळे रेघ उपाशी दिसते. तुमचं पुस्तक बहुधा असंच असावं. वर कागद पांढरा झक्क असेल तर उजेड डोळ्यांवर मारतो. पान खिडकीला तिरकं धरून बघा, चमकलं तर दोष निम्मा कागदाचा. पिवळसर, बिनचकाकीच्या कागदावर, ११ पॉइंटच्या वर (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप), ओळींत मोकळी जागा सोडून छापलेलं एखादं पुस्तक मिळालं तर अजून एक संधी द्या. नाही जमलं तर सोडून द्या. टाइप वाचकासाठी असतो.

‘सह्याद्रीतल्या रानफुलांवर मराठी पुस्तक करतोय. प्रत्येक फुलाचं मराठी नाव, खाली लॅटिन शास्त्रीय नाव, मधेमधे इंग्रजी संदर्भ. आमचा डीटीपीवाला म्हणतो, नेहमीचा टाइम्स फाँट टाका आणि मोकळे व्हा. मराठीशेजारी बास्करव्हिल शोभेल का?’ — एक वाचक, सावंतवाडी

शोभेल, आणि का शोभेल ते जरा जवळून बघू.

इंग्रजीचा छोटा ‘ओ’ घ्या आणि तो घड्याळ आहे असं समजा. जुन्या वळणाच्या टायपात त्याची रेघ साधारण अकरा आणि पाचच्या जागी सर्वांत बारीक होते, कारण ती अक्षरं रुंद टोकाच्या लेखणीवरून आली. आपला बोरू उलट्या बाजूला तासलेला, त्यामुळे आपल्या ‘ठ’ची रेघ एक आणि सातच्या आसपास बारीक होते. दोन्ही एका ओळीत आले की एक डावीकडे झुकतो, एक उजवीकडे, बसमध्ये पाठ फिरवून बसलेल्या नवराबायकोसारखे. बास्करव्हिलचा ‘ओ’ जवळजवळ ताठ, बारीक भाग बारा आणि सहाला. तो कुणाकडेच पाठ करत नाही. म्हणून मराठीशेजारी भांडण कमी होतं. हा माझा नियम नाही, नजरेचा अनुभव आहे. तुम्ही दोन्ही छापून भिंतीला लावा आणि चार पावलं मागे या.

दुसरं कारण तुमची शास्त्रीय नावं. ती तिरप्या अक्षरांत छापायचा संकेत आहे आणि बास्करव्हिलच्या तिरप्या अक्षरांत त्याच्यातला कित्तेवाला मास्तर पुरता जागा आहे. टाकावर दाब दिला की रेघ फुगते, सोडला की निमुळती होते, तशी ती अक्षरं आहेत. फुलांच्या नावांना आणखी काय हवं? मात्र एक हात जोडून विनंती: इंग्रजी तिरपं केलं म्हणून शेजारची मराठी अक्षरं संगणकावर ढकलून तिरपी करू नका. देवनागरीचा तोल शिरोरेषेवर आणि उभ्या काण्यावर असतो. काना कलला की ओळ वाऱ्यात सापडलेल्या कुंपणासारखी दिसते.

आकाराचं बघा. संगणकावर दोन्हींचा आकडा एकच ठेवला की बहुतेक मराठी फाँटांच्या शेजारी इंग्रजी मोठं होऊन बसतं. मराठी १४ पॉइंट असेल तर इंग्रजी साडेअकरा-बारापासून सुरू करा. बास्करव्हिलची छोटी अक्षरं टाइम्सपेक्षा अंगाने थोडी पसरट, तेव्हा ओळीला जागाही थोडी जास्त लागेल. शंभर पानांमागे दोन-तीन पानं वाढली तर डीटीपीवाल्यावर चिडू नका. आणि वेलांटी-उकारांना वरखाली जागा लागते, त्यामुळे ओळींमधलं अंतर मराठीच्या हिशेबाने ठेवा, इंग्रजी आपोआप सामावतं.

आता जे करू नका ते. काही वर्षांपूर्वी एका दंतवैद्यांची व्हिजिटिंग कार्डं माझ्याकडे आली. मरून रंगाची जमीन, त्यात पांढरं इंग्रजी नाव, अक्षर बास्करव्हिल, आकार ७ पॉइंट. पडद्यावर दागिन्यासारखं दिसत होतं. मीच हौसेने केलं होतं, म्हणून दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही. छापून आलं तेव्हा मरून शाई चहूबाजूंनी आत शिरलेली. छोट्या ‘ई’च्या पोटातली आडवी रेघ तर केसाएवढी, ती गायबच. त्यांच्या आडनावात तीन ‘ई’. तिन्हींचे ‘सी’ झाले. डॉक्टर सज्जन, कार्ड दिव्याखाली धरून म्हणाले, ‘अहो, हे कोण?’ हजार कार्डं पदरमोड करून पुन्हा छापली. तेव्हा गडद फोटोवर फुलाचं नाव पांढऱ्यात टाकायचा मोह झाला तर तिथे जाडसर, पाय नसलेला टाइप घ्या. बास्करव्हिल उजेडातलं माणूस आहे, पांढऱ्यावर काळंच.

‘काका, माझा पीएच.डी.चा प्रबंध बास्करव्हिलमध्ये दिला तर परीक्षकांचा विश्वास जास्त बसतो असं मैत्रीण म्हणते. असा प्रयोग झालाय म्हणे. खरं का?’ — एक संशोधक विद्यार्थिनी, रत्नागिरी

प्रयोग झाला आहे. एरॉल मॉरिस या माहितीपटकाराने २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावर एक उतारा टाकला आणि त्यातलं विधान पटतं का, असं वाचकांना विचारलं. प्रत्येकाला तो उतारा सहांपैकी एका टायपात दिसत होता आणि हे वाचकांना माहीत नव्हतं. सुमारे ४५,००० लोकांनी उत्तरं दिली. बास्करव्हिलमध्ये वाचणारे ‘पटतं’ म्हणण्यात पुढे निघाले आणि कॉमिक सॅन्स हा बाळबोध हस्ताक्षरासारखा टाइप मागे पडला. पण पुढे म्हणजे किती, तर शेकड्यात एखाददुसरा माणूस. तुझे परीक्षक किती? दोन की तीन? त्यात शेकडा एक बसवायला त्यांना फार बारीक चिरावं लागेल. विद्यापीठाच्या नियमावलीत टाइम्स १२ लिहिलं असेल तर गुपचूप टाइम्स १२ दे. प्रबंध मंजूर झाला की पुस्तक काढ, तेव्हा माझ्याकडे ये.

‘हा टाइप विकत घ्यावा लागतो का? आणि आपल्याला मिळालेला खरा बास्करव्हिल आहे हे ओळखायचं कसं?’ — एक वाचक, इचलकरंजी

खरा म्हणाल तर पोलादाच्या कांड्या केंब्रिजात आहेत, बाकी सगळी त्यांची लेकरं. मोनोटाइप कंपनीने १९२३ साली केलेली आवृत्ती नावाजलेली, ती विकत घ्यावी लागते. फुकटात ‘लिब्रे बास्करव्हिल’ मिळतो. तो मुळात पडद्यावर वाचण्यासाठी केला असल्याने छोटी अक्षरं उंच आणि अंगाने भरलेली आहेत. पुस्तकात वापरताना आकार एक पॉइंट उतरवा, नाहीतर पान ओरडतं.

ओळखायला मोठा ‘क्यू’ टाइप करा. त्याची शेपटी खांद्यावरून सुटलेल्या शेल्यासारखी ओळीखाली लांब पसरली पाहिजे. मोठ्या ‘ई’ची खालची आडवी रेघ वरच्यापेक्षा बाहेर आलेली असेल. मोठ्या ‘सी’ला वर आणि खाली दोन्हीकडे टोक असेल. मग छोटा ‘जी’ मोठा करून बघा. त्याचं खालचं वेटोळं पूर्ण मिटत नाही, डावीकडे फट राहते. ती फट नसेल तर तुमच्या संगणकाने टाइप न सापडल्यामुळे गुपचूप दुसराच बसवला आहे. छापायला पाठवण्याआधी पीडीएफमध्येही तो ‘जी’ एकदा तपासा.